तेरवीला मामा स्वतः हजर होते

बाईमाणसाला एकटीनं लांबच्या प्रवासाला निघायचं असेल, तर मयतीसारखं दुसरं कारण नाही. लग्नाला निघालं तर घरचे म्हणतात, आहेर पाठवून दे की. देवाला निघालं तर म्हणतात, सुट्टीत सगळे मिळून जाऊ. नुसतं फिरायला जाते म्हटलं तर अख्खं घर तोंडाकडं बघत राहतं. का? कशाला? इथं काय कमी आहे? पण मयतीला जाते म्हटलं की मुलगा मुकाट्यानं तिकीट काढतो, सून धपाट्यांचा डबा भरते आणि शेजारीण "सांभाळून जावा" म्हणत फाटकापर्यंत पोचवायला येते.

त्यामुळं पांढरकवड्याहून बापूमामांच्या तेरवीचा, म्हणजे तेराव्याच्या जेवणाचा, निरोप मोबाइलवर आला, तेव्हा मला मनापासून रडू आलं. आणि रडून झाल्यावर, खोटं कशाला बोलू, यवतमाळ जिल्हा बघायला मिळणार म्हणून थोडं बरंही वाटलं.

बापूमामा म्हणजे आईचे चुलतभाऊ. कायद्याचं शिक्षण त्यांनी कोल्हापुरात आमच्या घरी राहून घेतलं आणि पुढं जन्मभर पांढरकवड्याच्या कोर्टात वकिली केली. देव मानायचा नाही, मुहूर्त मानायचा नाही, कोणी सांगितलं म्हणून काही मानायचं नाही. लहानपणी मी "तुळशीला रात्री हात लावू नये" असं काही बोलले की ते डोळे मिचकावून विचारायचे, "काहून?" काहून म्हणजे का. वऱ्हाडातला हा शब्द मला त्यांच्यामुळंच माहीत. उत्तर नसेल तर ते म्हणायचे, "मंग लाव हात." असा माणूस गेला म्हटल्यावर मी त्यांच्याच नंबरवर, मामी ऐकतील म्हणून, हुंदके देत एक निरोप बोलून पाठवला आणि पिशवीत मामींसाठी दुखवट्याचं फिक्कट राखाडी पातळ घातलं.

यवतमाळ

विदर्भ म्हणजे ऊन, एवढंच माझं भूगोलाचं ज्ञान. डिसेंबरात तिथं काय असतं हे कुठल्या पुस्तकात नव्हतं, निदान मी वाचलेल्या तरी. सकाळी यवतमाळच्या स्टँडवर उतरले आणि दात वाजायला लागले. स्वेटर कोल्हापुरात. आजूबाजूला सगळे कानटोप्या घालून मजेत. शेवटी दुखवट्याचं पातळ काढलं, डोक्याला-कानाला गुंडाळलं आणि पोह्याच्या गाडीपुढं जाऊन उभी राहिले.

"तर्री टाकू काय, मावशी?" पोहेवाल्यानं विचारलं. तर्री म्हणजे हरभऱ्याचा लालभडक रस्सा.

"टाका की. आम्ही कोल्हापूरचे," मी जरा छाती काढूनच म्हणाले.

त्यानं माझ्याकडं एकदा पाहिलं आणि पळी तळापर्यंत घातली. पहिल्या घासाला काही झालं नाही. दुसऱ्याला नाकातून पाणी आलं. तिसऱ्याला थंडी कुठल्या कुठं गेली. आमच्या तांबड्या रश्शाचं तिखट दारातूनच आवाज देत येतं. हे तिखट आधी आत येऊन बसतं आणि मग सांगतं मी आलोय म्हणून. "पाणी देऊ, कोल्हापूर?" त्यानं विचारलं. मी मान हलवून नको म्हटलं आणि तो पाठमोरा झाल्यावर गटागटा दोन ग्लास प्यायले.

यवतमाळहून पांढरकवड्याला जाताना मधे सागाचं जंगल लागतं आणि मधूनमधून कापसाची वावरं. वावर म्हणजे शेत. उसाच्या मुलखात वाढलेल्या बाईला शेत म्हणजे हिरवी भिंत. इथं शेताच्या आरपार दिसतं, आणि झाडाझाडावर पांढरी बोंडं फुटलेली. शेजारच्या बाईंनी सांगितलं की या बाजूला वाघ आहेत, कधी कधी रस्त्यावरही येतात. सांगायची पद्धत अशी, की जणू गल्लीतल्या कुत्र्याची गोष्ट सांगतायत.

पांढरकवडा

मामांचं घर कोर्टाच्या मागच्या आळीत. दारात चपलांची रांग असेल, आतून रडण्याचा आवाज येईल, अशी मी मनाची तयारी केली होती. पातळ डोक्यावरून काढून घडी घालायचा प्रयत्न केला, चेहरा लांब केला आणि कडी वाजवली.

दार बापूमामांनी उघडलं.

"ये वं शैले. गाडी लेट होती काय?"

मी किंचाळले नाही. पण हातातली पिशवी पायावर पडली आणि धपाट्यांचा डबा उंबऱ्यावरून घरंगळत थेट मयताच्या पायाशी गेला. त्यांनी तो उचलला, उघडून वास घेतला आणि म्हणाले, "तुह्या आईच्या हातचा वास आहे बरं."

"मामा, तुम्ही..."

"जिवंत आहो. पुरा निरोप वाचला नाही वाटते. वकिलाची भाची असून खालचं बारीक वाचत नाही?" त्यांनी माझाच मोबाइल घेतला आणि त्या निरोपाखालच्या "पुढे वाचा" या निळ्या अक्षरांवर बोट ठेवलं. वरचा मजकूर मला पाठ होता: तेरवी, रविवार, अवश्य येणे, शोकाकुल पत्नी व समस्त परिवार. त्याच्या खाली आता उघडलं, "टीप : मयत स्वतः उपस्थित राहतील. निमंत्रक : मयत."

"आणि मी रडून पाठवलेला निरोप?"

"ऐकला नं. दोनदा ऐकला. मलेच रडू आलं."

"मग सांगायचं नाही का मला!"

"तू एवढी मनापासून रडून राह्यली होती. उगाच मधात कायले बोलाचं?"

मला इतका राग आला की धपाट्यांचा डबा परत घेतला. पण मामांपुढं राग फार वेळ टिकत नाही, कारण ते रागाचंही कारण विचारतात. चहा पिता पिता त्यांनी आपली बाजू मांडली. माणूस मेला की त्याच्या नावानं बुंदी, वांग्या-आलूची भाजी, पोळ्या, कढी असा बेत होतो. दूरदूरचे लोक येतात. जन्मात कधी चांगलं न बोललेले लोक चांगलं बोलतात. आणि ज्याच्या नावानं हे सगळं, तेवढा एकच माणूस उपाशी! "हे न्यायाच्या विरुद्ध आहे, शैले. संबंधित पक्षाले ऐकून घेतल्याबिगर निकाल देता येत नाही, अन् त्याले जेवू घातल्याबिगर पंगत कशी उठवता येईन? मी माह्या आयुष्याचा मालक आहो नं? मंग माही तेरवी मी कवा खावी हे दुसरा काहून ठरवन?"

मला पटलं. वाईट म्हणजे, पूर्ण पटलं. सुतक नाही, रडारड नाही, आणि आपल्याविषयी लोक काय बोलतात ते कानांनी ऐकायला मिळतं. मी घरी मुलाला फोन केला नाही. मेलेला माणूस जिवंत निघाला हे कळलं असतं तर तो म्हणाला असता, मग ये की परत, आता तिथं कशाला? माझं एकमेव कारण माझ्यासमोर बसून धपाटे खात होतं. आता हे छापून आल्यावर त्याला कळेलच.

"पण मामी कुठं दिसत नाहीत?" मी विचारलं.

मामांनी धपाट्याचा तुकडा मोडला आणि खाली ठेवला. "माहेरी गेली. फुलसावंगीले."

"कधी येणार?"

"येत नाही म्हणते."

मामा हे वाक्य असं म्हणाले, की कुठल्याही युक्तिवादाला जागा नव्हती. मग हळूहळू बाहेर आलं. निरोप त्यांनी मामींना न विचारता पाठवला होता. शोकाकुल पत्नी असं वाचून मामींनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला, बॅग भरली आणि सकाळच्या बसनं गेल्या. त्याला आता आठवडा होत आला. घरी मामा एकटे. बोलायला कोणी नाही. त्याहून कठीण म्हणजे त्यांचं म्हणणं खोडून काढायला कोणी नाही.

"हे पाह्य," ते म्हणाले, "आपला तालुका केळापूर. अन् तहसील कचेरी इथं पांढरकवड्यात. नाव त्याचं, कारभार इथला. लोक हासतात. माह्या घरीही तसंच आहे, हे मले आता समजून राह्यलं. नाव माहं होतं."

तेवढ्यात आचारी गुलाबराव आले. त्यांची वेगळीच अडचण होती. "वकीलसाहेब, मी तेरवीचा सैपाक मयत झाल्याबिगर करत नाही. वाढदिवस म्हणा, उद्या रातच्याले बुंदी पाडतो."

"पदार्थ तेच नं?"

"तेच."

"लोक तेच?"

"तेच."

"मंग काहून?"

गुलाबरावांनी डोकं खाजवलं. "बाई हो म्हणन तर करतो," ते म्हणाले आणि गेले. म्हणजे आता पंगत मामींवर अडली होती, आणि मामांच्या चेहऱ्याकडं बघून मला कळत होतं की पंगतीहूनही मोठं काहीतरी अडलं आहे. ते मला जा म्हणाले नाहीत. फक्त म्हणाले, "फुलसावंगीकडचं वावर सध्या पाह्यासारखं आहे म्हणतात."

फुलसावंगी

दुसऱ्या दिवशी घाटंजी, आर्णी, महागाव अशा बस बदलत मी फुलसावंगीला पोचले तेव्हा दुपार झाली होती. मामांनी फोन करून माझी सगळी हकिगत कळवली होती, त्यामुळं मामींचे धाकटे भाऊ नामदेवभाऊ स्टँडवर घ्यायला आले होते. "बाईसाहेब वावरातच हायेत," ते म्हणाले. मी समजले. रडून रडून घरात बसवत नसेल, म्हणून बिचारी शेतात जाऊन बसली असेल. वाटेत मी पुन्हा चेहरा लांब करायला घेतला.

वावरात पोचलो तर दहा-बारा बायका कापूस वेचत होत्या. साडीवर पुरुषांचे पूर्ण बाह्यांचे शर्ट घातलेले, डोक्याला रुमाल बांधलेले. कपाशीच्या काटक्या हाताला ओरबाडतात म्हणून ही पद्धत. त्यातल्या एका शर्टाची कॉलर इतकी कडक आणि पांढरी, की कापूस तिच्यापुढं मळका दिसावा. ती बाई मोठ्यांदा हसत होती. इतकी, की कमरेच्या ओटीतून कापूस सांडत होता.

त्या मामी होत्या. अंगात मामांचा कोर्टात घालायचा शर्ट.

"माय वं, शैला!" त्या धावतच आल्या. "तुही तं फजिती झाली म्हणते! वच्छे, हेच ते, मेलेल्या माणसासाठी कोल्हापूरवरून रडत आली ते!" नामदेवभाऊंच्या बायकोनं, वच्छीवहिनींनी, तोंडाला पदर लावला. मी चेहरा परत होता तसा केला.

इथं एक गोष्ट सांगायला हवी. वऱ्हाडातल्या बायका "मी जातो, मी येतो" असं म्हणतात. पुण्या-मुंबईच्या लोकांना याचं हसू येतं. आम्हा कोल्हापूरकरणींना येत नाही, कारण आम्हीही अगदी तसंच बोलतो. एवढ्या मोठ्या महाराष्ट्राच्या दोन टोकांना बायकांनी न ठरवता एकच गोष्ट केली, याचा मला त्या वावरात उभं राहून उगाच अभिमान वाटला.

लिंबाच्या झाडाखाली गोवऱ्यांच्या विस्तवात रोडगे भाजत होते. रोडगा म्हणजे कणकेचा गोळा. वरून राख झटकायची, फोडायचा, आत तूप ओतायचं, आणि वांग्याच्या भाजीबरोबर खायचा. "सांबार टाकू काय भाजीवर?" वहिनींनी विचारलं. वांग्यावर सांबार? मी घाईनं नको नको म्हटलं. मग बघते तर त्या सगळ्यांच्या पानात चिमटीनं कोथिंबीर घालत पुढं गेल्या. सांबार म्हणजे कोथिंबीर. माझी भाजी तेवढी बोडकी राहिली.

जेवता जेवता मुलाचा फोन आला. "आई, पोचलीस ना? मामींना भेटलीस? फार रडारड चालली आहे का?"

मामी त्या वेळी रोडग्याचा तुकडा वहिनींच्या तोंडात कोंबत होत्या आणि दोघींना ठसका लागला होता. डोळ्यांतून पाणी येत होतं. "हो रे," मी म्हणाले, "आवरता आवरत नाहीत."

जेवण झाल्यावर मी मुद्द्याला आले. "मामी, मामांचं चुकलंच. अशुभ वाटतं ते सगळं..."

"अशुभ?" मामींनी मला मधेच तोडलं. "अशुभ-बिशुभ मी मानत नाही वं. त्याईच्यासंग इतकी वर्सं राहून ते तरी शिकलो. त्याईले जितेपणी तेरवी खायाची असन तं खावं, बुंदी मलेही आवडते. पण मले इचारलं काय? मी विधवा होऊन राह्यलो, अन् मलेच मोबाइलवर वाचून समजते! ते म्हणतात नं, संबंधित पक्षाले ऐका म्हणून? मंग मी कोण हाओ? गवाह?"

मी मामांच्या बाजूचं वकीलपत्र मनातल्या मनात परत केलं.

मामींनी शर्टाच्या बाहीनं कपाळ पुसलं आणि आवाज खाली आणला. "अजून एक सांगतो. हे वावर माह्या बापाचं. लहानपणी कापूस फुटला का मी घरात थांबत नव्हतो. लग्नानंतर दरसाल म्हणो, चार महिने मले तिकडं जाऊ द्या. ते म्हणत, काहून? मी म्हणो, तिथं बरं वाटते, इथं करमत नाही. ते म्हणत, करमत नाही हे काही कारण होत नाही. आता वकिलाले कोण कारण देईन, शैला? आजार असन तं कारण. लग्न असन तं कारण. मयत असन तं कारण. मले नुसतं बरं वाटते, याले कोणत्या कोर्टात कारण म्हणतात?"

मला माझ्या घराचं फाटक आठवलं, आणि फाटकापर्यंत आलेली शेजारीण.

"त्याईनं मले कधी मारलं नाही, रागावलं नाही," मामी पुढं म्हणाल्या. "फक्त कारण इचारलं. माह्या पायात बेडी घातली नाही कोणी. काहून घातला."

मग मी पिशवीतून पातळ काढलं. आणलंय तर द्यावं. मामींनी ते उलगडून पाहिलं. स्टँडवरच्या धुळीनं आणि माझ्या कानाला गुंडाळल्यानं त्याची पार रया गेली होती.

"एवढं फिक्कं? मेले तर ते हायेत नं!" त्यांनी पातळ वहिनींकडं फेकलं, "घे, वेचणीले ओटी कर." आणि एकदम माझ्याकडं वळून म्हणाल्या, "येतो मी. सांग त्याईले. पण अट आहे. मेले म्हणतात नं? मंग मेल्यावाणी राहा म्हणा. पंगत उठेपर्यंत तोंडातून शब्द नाही. मेल्या माणसाचं तोंड चालत नसते. एक शब्द निघाला का मी उभ्याउभ्या परत."

मी तिथूनच मामांना फोन लावला. अट सांगितली.

"तर्काले धरून आहे," मामा दुबळ्या आवाजात म्हणाले.

पुन्हा पांढरकवडा

रविवारी घरापुढं मांडव पडला. मामी "हो" म्हणाल्या, तशी गुलाबरावांनी पहाटेच बुंदी पाडली. मामी लालभडक नऊवारी नेसल्या होत्या, नाकात नथ. मामांना खुर्चीत बसवून त्यांनी स्वतः गळ्यात झेंडूचा हार घातला आणि ओठांवर बोट ठेवलं. मामांनी मान हलवली.

लोक आले. ज्यांनी "पुढे वाचा" दाबलं होतं ते हसत आले, ज्यांनी नव्हतं दाबलं ते रडत आले. झरी जामणीकडचे दोन जुने पक्षकार तर जीप करून वाटभर रडत आले होते. मामांना हारासकट बसलेलं पाहून त्यातले एक जण कळवळून म्हणाले, "साहेब, आता गावात जाऊन आम्ही काय सांगाचं?" मामांनी हात जोडले. दुसरं काय करणार!

मग भाषणं सुरू झाली. आणि इथं मामांच्या सगळ्या योजनेतला खड्डा उघडा पडला. आपल्याविषयी चांगलं बोलतात ते ऐकायला त्यांनी हा घाट घातला होता. पण लोक चांगलं बोलताना किती चुकीचं बोलतात, याचा त्यांना अंदाज नव्हता. एकानं सांगितलं, मामा मोठे देवभक्त होते. दुसऱ्यानं सांगितलं, ते फार कमी बोलत. मामा खुर्चीत वळवळायला लागले. तिसरे एक वकील होते. त्यांनी मामांनी गाजवलेला एक खटला रंगवून सांगितला, आणि शेवटी त्या गोष्टीत खटला स्वतःच जिंकला. मामांचा हात आपोआप वर गेला, जसा कोर्टात हरकत घेताना जात असेल. मामींनी नुसतं पाहिलं. हात खाली आला.

"वकीलसाहेब गेले," ते वकील डोळे पुसत म्हणाले, "आता असा मुद्देसूद वाद घालणारा माणूस होणे नाही." मामांचा चेहरा झेंडूच्या रंगाचा झाला.

मग मामी उठल्या. घरातल्या बाईनं तेरवीला बोलायची पद्धत नाही. पण तेरवीला मयतानं बुंदी खायची तरी कुठं पद्धत आहे? त्यांनी पदर खोचला आणि मामांकडं न बघता बोलायला लागल्या.

"माणूस बरा होता. खोटं बोलला नाही, भीत नव्हता, मले शिकवलं, पेपर वाचाले लावला. जे पटत नाही ते करू नको म्हणे. हे मी मानतो." त्या क्षणभर थांबल्या. "अन् आता मी सांगतो. उद्यापासून होळीपर्यंत मी फुलसावंगीले राहणार. दरसाल राहणार. इचारून नाही राह्यलो. सांगून राह्यलो."

सगळ्या मांडवानं मामांकडं पाहिलं. त्यांचं तोंड उघडलं. ओठांवर तो शब्द आलेला मला स्पष्ट दिसला, लहानपणापासून ओळखीचा. मामी कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. गुलाबराव हातात बुंदीचा झारा घेऊन थबकले.

मामांनी तोंड मिटलं. आणि मान खाली घातली, ती पंगत उठेपर्यंत वर केली नाही. बुंदी त्यांच्या पानात तशीच राहिली. मला त्यांची फार दया आली, आणि त्याच वेळी मामींना मिठी मारावीशी वाटत होती.

पंगत उठली. आता बोलायला हरकत नव्हती. तरी मामा बोलले नाहीत. रात्री मामी बॅग भरत होत्या आणि गुणगुणत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी आणि मी घाटंजीच्या बसमध्ये बसलो. मामी खिडकीजवळ; शेजारच्या सीटवर त्यांची फुगलेली बॅग. मी मागच्या सीटवर, कारण बॅगेनं जागा सोडली नव्हती. मामा सोडायला आले होते. कुडत्यावर, गळ्याला मफलर गुंडाळून. पांढरे शर्ट तर सगळे मामींच्या बॅगेत. ते खिडकीखाली उभे राहिले, बसच्या पत्र्यावर उगाच बोट फिरवत.

"पाणी घेतलं?"

"घेतलं."

"शाल?"

"घेतली."

कंडक्टर कालच्या पंगतीला जेवून गेलेला. तो खिडकीतून डोकावून म्हणाला, "मयत, बाजूले व्हा, गाडी निघून राह्यली." बसमध्ये हशा पिकला. मामा हसले नाहीत. एकदम खिडकीचा गज धरून म्हणाले,

"कुसुम... मी येऊ काय?"

मी पुढच्या सीटचा दांडा घट्ट धरला. मामींनी त्यांच्याकडं सावकाश पाहिलं.

"काहून?" त्यांनी विचारलं.

आयुष्यभर कोर्ट गाजवलेला माणूस. मी वाट बघत होते की आता हक्क निघेल, न्याय निघेल, संबंधित पक्ष निघेल. मामांनी गज सोडला, पुन्हा धरला.

"करमत नाही," ते म्हणाले.

"करमत नाही हे काही कारण होत नाही, वकीलसाहेब," मामी म्हणाल्या, आणि शेजारच्या सीटवरची बॅग उचलून मांडीवर घेतली.